जंतू भिंगातून दिसतो, मग रिपोर्टला तीन दिवस का लागतात?

गोंधळी
मंडळी, एक शंका बरेच दिवस डोक्यात घोळते आहे. ताप उतरेना की डॉक्टर रक्ताचं कल्चर लावायला सांगतात आणि वर "दोन-तीन दिवस लागतील हं" हेही ऐकवतात. आमच्या घरात नुकताच हा प्रकार होऊन गेला (पेशंट ठणठणीत आहे, काळजी नसावी). तेवढे दिवस औषध चालू असतं, पण अंदाजपंचे.

मला कळत नाही ते असं. लेवेनहूकने सतराव्या शतकात घरी घासलेल्या भिंगातून जंतू पाहिले. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. मग रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, फोटो काढायचा, जंतू दिसला की औषध सुरू. हे का होत नाही? मधूनमधून बातमी येते की "प्रतिमेवरून अर्ध्या तासात निदान शक्य", पण पुढे त्याचं काही ऐकू येत नाही. या बातम्या खऱ्या असतात की नुसता धुरळा? जाणकारांनी प्रकाश टाकावा. मी इंजिनिअर आहे, गणित चालेल. लॅटिन नावं चालणार नाहीत.

वाचनमात्र
चांगला धागा. बसले आहे.

तिरकसराव
जंतूंच्या खासगीपणाचा काही विचार? विचारल्याशिवाय कुणाचे फोटो काढू नयेत.

काचपट्टी
मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काम करते. "मॅडम, रिपोर्ट अजून का नाही?" हा प्रश्न रोज फोनवर ऐकते, त्यामुळे उत्तर तोंडपाठ आहे.

मोठ्या माणसाच्या रक्तात जंतू शिरलेले असताना एका मिलिलिटरमागे ते किती असतात? पुष्कळदा दहाच्याही आत. कधी एखादाच. आणि त्याच मिलिलिटरमध्ये तांबड्या पेशी असतात सुमारे पाच अब्ज. तुम्ही म्हणता तो थेंब म्हणजे मिलिलिटरचा विसावा हिस्सा. मिलिलिटरमागे एक जंतू असेल तर वीस थेंबांतल्या एकोणीस थेंबांत जंतूच नाही. भिंग कितीही भारी आणा, जे काचेवर आलंच नाही ते दिसणार कसं?

म्हणून आम्ही आठ-दहा मिलि रक्त बाटलीत घालतो, बाटली उबेला ठेवतो आणि जंतूंना वाढू देतो. ई. कोलाय (माफ करा, एवढं एक लॅटिन) सगळं मनासारखं असेल तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. एकाचे कोटीच्या घरात जायला तेवीस-चोवीस वेळा दुप्पट व्हावं लागतं, म्हणजे साधारण आठ तास. सुरुवातीला तो नव्या जागेत रुळेपर्यंत नुसता बसून राहतो, तो वेळ वेगळा. जंतूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वाढला की बाटलीच्या बुडाचा सेन्सर रंग बदलतो आणि यंत्र आवाज देतं. मग ग्रॅम स्टेन (जंतूंना रंग देऊन पाहणं), जो काही मिनिटांत होतो आणि जो आम्ही खरोखर भिंगातूनच पाहतो. मग प्लेटवर पेरणी, दुसऱ्या दिवशी कॉलनी (जंतूंचा डोळ्यांना दिसणारा पुंजका), मग कुठलं औषध लागू पडतं ती चाचणी, तिला आणखी एक दिवस. झाले तुमचे तीन दिवस. कॉलनी हातात आली की जंतूचं नाव सांगायला आता मॅल्डी-टॉफ यंत्राला काही मिनिटं पुरतात. वेळ खातं ते जंतू वाढवणं.

तिरकसराव
म्हणजे एकटा जंतू फोटोत येत नाही म्हणून आधी त्याचा वंश वाढवायचा आणि मग ग्रुप फोटो काढायचा. बरोबर?

काचपट्टी
@तिरकसराव, शिकाऊ मुलांना यापुढे हेच सांगणार.

गोंधळी
रक्ताचं पटलं. पण टीबीत थुंकीत जंतू भरपूर असतात ना? तिथे तर स्लाइडच करतात. तरीही स्लाइड निगेटिव्ह आणि नंतरची टेस्ट पॉझिटिव्ह असं बऱ्याच जणांकडून ऐकलंय. स्लाइड पाहणारा डुलक्या काढत असतो का?

काचपट्टी
डुलकीचा संबंध नाही. गणित चालेल म्हणालात, मग घ्या.

थुंकीचा स्मिअर (काचेवर पसरलेला थर) साधारण दोन सेंमी बाय एक सेंमी, म्हणजे २०० चौरस मिमी. ऑइल इमर्शनच्या (तेलाचा थेंब घालून वापरायच्या) शंभरपटी भिंगातून एका वेळी दिसतं ते ०.२ मिमी व्यासाचं वर्तुळ. क्षेत्रफळ ०.०३ चौ. मिमी. निगेटिव्ह म्हणायच्या आधी अशी शंभर फील्ड पाहायची असा दंडक आहे. शंभर फील्ड म्हणजे ३ चौ. मिमी. अख्ख्या स्मिअरचा दीड टक्का!

काचेवर मुळात थुंकी चढते ती साधारण ०.०१ मिलि. थुंकीत मिलिलिटरमागे दहा हजार जंतू आहेत असं धरा. काचेवर आले शंभर. त्याचा दीड टक्का म्हणजे दीड जंतू. स्मिअरला मिलिलिटरमागे पाच ते दहा हजार जंतू लागतात असं पुस्तकात लिहिलेलं असतं, तो आकडा या हिशेबाशी जुळतो की नाही पाहा. कल्चरला दहा ते शंभर जंतू पुरतात. अख्खा स्मिअर डोळ्यांखालून घालायचा तर सहा हजारांवर फील्ड होतील, आणि समोर रोजच्या स्लाइडचा ढीग असतो.

यावर जुनाच एक उपाय आहे. ऑरामिन नावाचा चमकणारा रंग लावायचा आणि *कमी* ताकदीच्या भिंगाखाली पाहायचं. काळ्या पार्श्वभूमीवर पिवळ्या रेघा. ताकद कमी, म्हणून फील्ड मोठं, म्हणून तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त थुंकी नजरेखालून जाते. संवेदनशीलता सरासरी दहा टक्क्यांनी वाढते. एलईडी दिवे आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेनेही २०११ साली हीच पद्धत वापरा असं सांगितलं.

वाचनमात्र
मलेरियाची जाड फिल्म याच कारणासाठी का? तिथे रक्त पसरत नाहीत, थेंब तसाच गोल ठेवतात.

काचपट्टी
अगदी. जाड थेंबातल्या तांबड्या पेशी पाण्याने फुटून जातात, परोपजीवी मागे राहतो, आणि एका फील्डमध्ये पातळ फिल्मच्या कैक पट रक्त पाहून होतं. जात कुठली ते ओळखायला मात्र पातळच हवी. रोजच्या कामात मायक्रोलिटरमागे ५० परोपजीवी दिसले तरी चांगलं म्हणायचं. मुरलेला माणूस पाच-दहापर्यंत जातो.

अणुरेणू
काचपट्टीताई ओघात सांगून गेल्या, पण माझ्या मते धाग्याचा गाभा तोच आहे: *भिंगाची ताकद कमी केली की जास्त सापडतं.* आपल्या सगळ्यांच्या डोक्यात उलटं बसलेलं असतं.

मी प्रकाशशास्त्रातला माणूस. सूक्ष्मदर्शकाची मर्यादा अर्न्स्ट ॲबेने १८७३ साली मांडली. साध्या प्रकाशात ती साधारण ०.२ मायक्रॉन येते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पण ही मर्यादा कशाची? जवळजवळचे दोन ठिपके *वेगवेगळे* दिसण्याची. एखादा ठिपका आहे की नाही, एवढंच विचारायचं असेल तर तिचा संबंध नाही. रात्री आपल्याला तारे दिसतातच की. ताऱ्याची तबकडी साध्या डोळ्यांना कधी दिसत नाही, पण तारा आहे, कुठे आहे आणि एकूण किती आहेत हे बिनभिंगाचं मोजता येतं. अट एवढीच की आकाश काळं हवं आणि तारा तेजस्वी हवा.

निदानातल्या नव्या पद्धतींपैकी बऱ्याच याच अटीवर उभ्या आहेत. जंतूला चिकटणारी अँटिबॉडी घ्यायची, तिला चमकणारे कण जोडायचे. एका जंतूवर असे पुष्कळ कण बसले की तो एक मायक्रॉनचा जंतू साध्या कॅमेऱ्याच्या दोन-चार पिक्सेलमध्ये ठळक ठिपका होऊन बसतो. मोठं करून पाहायची गरजच नाही. त्यामुळे नळीच्या अख्ख्या तळाचा एकाच वेळी फोटो घ्यायचा आणि ठिपके मोजायचे.

मेख वेगळीच आहे. जंतूला न चिकटलेले चमकणारे कणही द्रवात तरंगतच असतात. ते धुऊन काढावे तर यंत्र गुंतागुंतीचं होतं आणि धुताना जंतूही जातात. यावर एक युक्ती फार आवडली. नमुन्याखाली गडद रंगाच्या जड द्रवाचा थर असतो. जंतूला चमकणारे कण चिकटवतात तसेच चुंबकीय कणही चिकटवतात. खालून चुंबक लावला की जंतू चुंबकीय कणांसकट गडद थरातून खाली तळाला येतात. मोकळे चमकणारे कण वरच राहतात आणि गडद थरामुळे खालच्या कॅमेऱ्याला ते दिसतच नाहीत. धुण्याचं काम संपलं. चुंबकामुळे पूर्ण नमुन्यातले जंतू एका जागी गोळाही झाले. शंभर फील्डवाला दीड टक्क्यांचा हिशेब इथे लागू होत नाही.

तिरकसराव
प्रतिसाद आवडला. आता रात्री गच्चीवर गेलो की मला सगळीकडे टीबी दिसणार.

खडूस आजोबा
पोरांनो, आकार न बघता ठिपक्याला जंतू म्हणायचं हे आमच्या पिढीला पचत नाही. आम्ही आकार पाहायचो, रंग पाहायचो, जोडीने आहेत की साखळीत आहेत ते पाहायचो. मेंदूभोवतालच्या पाण्यात इंडिया इंकचा थेंब टाकला की क्रिप्टोकॉकस या बुरशीच्या भोवतीचं पांढरं वलय पाच मिनिटांत दिसतं. सिफिलिसचा जंतू इतका बारीक की साध्या रंगात धड दिसत नाही, पण डार्क फील्डखाली (काळ्या पार्श्वभूमीवर उजळ दाखवणाऱ्या भिंगाखाली) स्क्रूसारखा फिरताना दिसला की पुढे वाद नाही. झटपट निदान काय ते हे. तुमच्या ठिपक्याला काय ओळख? धुळीचा कणही चमकतो.

दुसरं, पीसीआर (जंतूच्या डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखणं) आल्यापासून हे सगळं कशाला हवं? टीबीची काडतूसवाली टेस्ट २०१० पासून आहे, दोन तासांत जंतू आणि रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाचा प्रतिरोध दोन्ही सांगते.

अणुरेणू
आजोबा, पहिल्या मुद्द्यावर शंभर टक्के सहमत आणि तो फार महत्त्वाचा आहे. ठिपका कशाचा हे कॅमेरा सांगत नाही, ते अँटिबॉडी सांगते. अँटिबॉडी भलत्याला चिकटणारी असेल तर कॅमेरा भलतेच ठिपके तितक्याच आत्मविश्वासाने मोजणार. म्हणून अशा पद्धतीचा दावा वाचताना मी आधी एकच गोष्ट शोधतो: *जंतू नसलेल्या* नमुन्यात किती ठिपके दिसले? कोऱ्या नमुन्यात सरासरी वीस ठिपके येत असतील तर पाच जंतू पकडल्याचा दावा टिकणार नाही. कॅमेरा बदलून हे सुधारत नाही, रसायन सुधारावं लागतं. बातमीत हा आकडा सहसा नसतो.

काचपट्टी
दुसऱ्या मुद्द्यावर मी आजोबांच्या बाजूने. टीबीला काडतूस झकास आहे. पहिल्या आवृत्तीला मिलिलिटरमागे शंभरच्या वर जंतू लागायचे, पुढच्या 'अल्ट्रा' आवृत्तीला सोळाच्या आसपास पुरतात. म्हणजे जवळजवळ कल्चरइतकं. स्लाइडशी तर तुलनाच नको.

पेट्रीताई
मी मात्र असहमत. पीसीआरला जिवंत आणि मेलेला यांतला फरक कळत नाही. उपचार पूर्ण झाल्यावरही मेलेल्या जंतूंचा डीएनए राहतो आणि टेस्ट पॉझिटिव्ह येत राहते. म्हणूनच टीबीचा उपचार लागू पडतोय का हे पाहायला अजूनही स्मिअर आणि कल्चरच करतात. शिवाय पीसीआर प्रतिरोधाचं तेच जनुक शोधतो जे शोधायला आपण त्याला सांगितलंय. टीबीत रिफॅम्पिसिनचा प्रतिरोध बहुतेक वेळा एकाच जनुकाच्या छोट्या तुकड्यातून येतो, म्हणून ते जमलं. लघवीतल्या किंवा रक्तातल्या जंतूंचं तसं नाही. त्यांच्याकडे औषध चुकवायच्या इतक्या वाटा आहेत की यादी पुरत नाही. तिथे सरळ प्रश्न विचारावा लागतो: या औषधात तू वाढतोस की नाही?

आणि इथेच प्रतिमा कामाला येतात. नेहमीच्या पद्धतीत नळी डोळ्यांना गढूळ दिसेपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे कोट्यवधी जंतू. पण एकेका जंतूवर कॅमेरा रोखून बसलात तर तो लांब होतोय की थांबलाय हे एका दुपटीच्या आतच कळतं. स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी २०१७ साली हेच दाखवलं. सूक्ष्म चिपमध्ये जंतूच्या रुंदीचे बारीक बोळ, त्यांत जंतू एकामागे एक अडकलेले. चिपच्या एका बाजूला औषध, दुसरीकडे नुसतं खाद्य. फेज कॉन्ट्रास्टखाली (रंग न देता जंतू ठळक दाखवणाऱ्या भिंगाखाली) ठरावीक वेळाने फोटो आणि दोन्हीकडच्या वाढीच्या वेगाची तुलना. अर्ध्या तासाच्या आत उत्तर! रंग नाही, अँटिबॉडी नाही. आजोबांना हवा तो आकारही दिसतो.

गोंधळी, तुम्ही विचारलंत ना की बातमीनंतर काही ऐकू येत नाही? या कामातूनच निघालेल्या लघवीच्या चाचणीला २०२४ मध्ये लाँजिट्यूड पारितोषिक मिळालं, ८० लाख पौंडांचं. जंतू आहेत का हे पंधरा मिनिटांत आणि कुठलं औषध चालेल हे पाऊण तासाच्या आत. स्पर्धा जाहीर झाली होती २०१४ साली. म्हणजे धुरळा नाही, पण दहा वर्षं धरून चाला.

गोंधळी
हे भारी आहे. मग टीबीला हेच का नाही करत?

पेट्रीताई
ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, टीबीचा जंतू पंधरा ते वीस *तासांत*. एक दुपट पाहायची म्हटलं तरी दिवस जातो. कॅमेऱ्याने मुळातला वेग बदलत नाही.

रक्ताला दुसरीच अडचण. लघवीत संसर्ग असला की मिलिलिटरमागे लाखभर जंतू सहज मिळतात, चिप भरते. रक्तात दहा. तिथे आधी बाटली पॉझिटिव्ह व्हावी लागते. तशी सोयही आहे. २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं एक यंत्र पॉझिटिव्ह बाटलीतून दीड तासात ओळख पटवतं आणि सुमारे सात तासांत औषधांचा निकाल देतं, तेही एकेका जंतूच्या वाढीचे फोटो घेऊनच. पण बाटली वाजेपर्यंतचा वेळ आहे तसाच.

काचपट्टी
लघवीच्या आकड्यावरून आठवलं. यंत्रात फिरवून गाळ न बसवलेल्या लघवीच्या थेंबावर ग्रॅम स्टेन केला आणि दर ऑइल फील्डला सरासरी एक जंतू दिसला, तर मिलिलिटरमागे लाख किंवा जास्त समजायचे. हाही नियम काही मिनिटांत उत्तर देणारा आणि बिनखर्चाचा, पण वापरतंय कोण.

फिरतीवरचा
अवांतर. फोनच्या कॅमेऱ्याचा विषय निघालाय म्हणून. मध्य आफ्रिकेत लोआ लोआ नावाचा डोळ्यातून फिरणारा कृमी आहे. ज्यांच्या रक्तात त्याची पिल्लं फार असतात त्यांना आयव्हरमेक्टिन दिलं तर मेंदूवर जिवघेणे परिणाम होऊ शकतात. पण रिव्हर ब्लाइंडनेस (कृमींमुळे अंधत्व आणणारा आजार) हटवायला तेच औषध गावंच्या गावं द्यायचं असतं. म्हणजे प्रत्येकाच्या बोटातलं रक्त जागेवरच तपासायला हवं. बर्कलीच्या डॅनिएल फ्लेचरच्या गटाने फोनला जोडायचं यंत्र केलं. ते कृमीचा आकार ओळखत बसत नाही. काही सेकंदांचा व्हिडिओ घेतं आणि कृमी वळवळल्याने तांबड्या पेशी कुठे कुठे हलतात ते मोजतं. दोन-तीन मिनिटांत पिल्लांची संख्या. कॅमेरूनमध्ये हे वापरून धोक्याची माणसं वगळली आणि बाकीच्यांना औषध दिलं. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले, मेंदूवरचा गंभीर परिणाम एकालाही झाला नाही.

रंग नाही, अँटिबॉडी नाही, नुसती हालचाल.

खडूस आजोबा
हे आवडलं. वळवळीवरून ओळखणं आम्हाला मान्य आहे.

मृदुला_म
इथे सगळे जंतूंवरच बोलताहेत. रेणूंचं काय? हृदयविकाराचा ट्रोपोनिन, एखादं विष, विषाणूचं प्रथिन. ते तर कुठल्याच भिंगातून दिसणार नाहीत.

अणुरेणू
तिथेही ठिपक्याचीच युक्ती चालते, आणि जरा जास्तच सुंदर चालते.

नेहमीच्या एलायझात रेणूला अँटिबॉडी चिकटते, अँटिबॉडीला एन्झाइम जोडलेलं असतं आणि एन्झाइम रंग तयार करतं. पण तो रंग १०० मायक्रोलिटर द्रवात पसरतो. रेणू दोन-चारशेच असतील तर रंग इतका विरतो की काही कळत नाही. २०१० साली आलेल्या डिजिटल एलायझात रेणू पकडायला २.७ मायक्रॉनचे मणी वापरले. मणी इतके जास्त की एका मण्यावर एक रेणू बसेल किंवा एकही नाही. मग प्रत्येक मणी सुमारे ५० फेम्टोलिटरच्या खळग्यात बंद केला. हा खळगा त्या १०० मायक्रोलिटरपेक्षा दोन अब्जपट लहान. तेवढ्याशा जागेत एका एन्झाइमने केलेला रंगही कोंडला जातो आणि खळगा उजळतो. वरून फोटो घ्या, उजळलेले खळगे मोजा. किती *गडद* हा प्रश्नच काढून टाकला, उरलं हो की नाही. डिजिटल पीसीआरही याच जातीचा: नमुन्याचे हजारो थेंब करायचे आणि उजळलेले मोजायचे.

अगदी साध्या पट्टीतसुद्धा हे दडलेलं आहे. गर्भचाचणीच्या किंवा कोविडच्या अनेक पट्ट्यांवर जी लाल रेघ उमटते ती नॅनोमीटरमध्ये मोजायच्या सोन्याच्या कणांची असते. डोळ्याला रेघ दिसायला कणांची गर्दी लागते. पण ४० नॅनोमीटरचा एकटा सोन्याचा कणही डार्क फील्डखाली ठिपका म्हणून दिसतो. फिक्की रेघ आहे की भास, यावर घरात वाद घालण्यापेक्षा कण मोजणं केव्हाही बरं.

तिरकसराव
फिक्क्या रेघेवर घरात झालेले वाद इथे लिहू नयेत अशी संपादकांना विनंती.

मृदुला_म
धन्यवाद अणुरेणू. आणि विषाणू? तो तर ०.२ मायक्रॉनच्याही खाली.

अणुरेणू
कोरोनाचा विषाणू सुमारे ०.१ मायक्रॉनचा. आकार दिसणार नाही, पण चमकणारा रंग लावला तर ठिपका दिसतो. गंमत म्हणजे देवी रोगाच्या वर्गातले विषाणू इतके मोठे की जॉन ब्यूस्टने १८८६ साली लसीच्या नमुन्यात रंग देऊन ते साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. विषाणू म्हणजे काय हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यालाही नाही.

फावल्या वेळचा डॉक्टर
सगळे प्रतिसाद वाचले. आता जरा थंड पाणी ओततो.

चाचणी जितकी बारीक पकडेल तितकी चांगली, असं तुम्ही सगळे गृहीत धरताय. एक उदाहरण. प्रतिजैविकांनंतर होणाऱ्या जुलाबांत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल शोधतात. पीसीआर जंतूचं विषाचं जनुक शोधतो. पण कित्येकांच्या आतड्यात तो जंतू नुसता राहत असतो, विष तयार करत नाही. जुलाब भलत्याच कारणाने झालेले असतात आणि पॉझिटिव्ह रिपोर्टमुळे माणूस नको त्या औषधावर जातो. इथे विषाचाच रेणू मोजणारी चाचणी जास्त उपयोगी, मग तिने थोडं कमी पकडलं तरी चालेल. म्हणून अणुरेणू म्हणतात त्या रेणूंच्या मोजणीत मला रस आहे. काय शोधताय हे आधी ठरवा, किती बारीक शोधताय ते नंतर.

दुसरं साधं गणित. हजारात एकाला असलेला आजार घ्या. चाचणी ९५ टक्के रुग्ण पकडते आणि निरोगी माणसांत ९८ टक्के वेळा बरोबर निगेटिव्ह देते. कागदावर झकास. लाख माणसं तपासली. आजारी १००, त्यातले ९५ सापडले. निरोगी ९९,९००, त्यातले दोन टक्के म्हणजे १,९९८ उगाच पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी खरे आजारी शेकडा पाचसुद्धा नाहीत. अर्ध्या तासात निकाल आला म्हणून हे बदलत नाही.

पेट्रीताई
डॉक्टर, हे सरसकट सगळ्यांना तपासलं तर. लक्षणं असलेल्याच माणसांना तपासलं तर आजाऱ्यांचं प्रमाण हजारात एक राहत नाही. शंभरात वीस धरा आणि तेच गणित पुन्हा करा, पॉझिटिव्हपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त खरे निघतील. सेप्टिक शॉकच्या (संसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या) रुग्णाला तुम्ही चाळणी लावत नाही.

फावल्या वेळचा डॉक्टर
मान्य, आणि म्हणूनच चाचणी कुणाची करायची हे ठरवणं चाचणीचाच भाग आहे. पण सेप्टिक शॉकचं नाव काढलंत म्हणून. २००६ सालचा एक अभ्यास नेहमी पुढे करतात: योग्य औषध द्यायला होणाऱ्या दर तासाच्या उशिरामागे वाचण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटते. तो उशीर *औषधाचा* आहे, रिपोर्टचा नाही. आम्ही रिपोर्टसाठी थांबतच नाही, अंदाजाने जोरदार औषध लगेच सुरू करतो. झटपट रिपोर्टचा फायदा असा की अंदाज चुकला असेल तर तो तिसऱ्या दिवसाऐवजी त्याच दिवशी कळतो, आणि जोरदार औषधाची गरज नसेल तर ते लवकर थांबवता येतं. मात्र पहाटे तीनला आलेला रिपोर्ट पाहून औषध बदलणारा माणूस जागेवर हवा. एका ठिकाणी मी असं यंत्र पाहिलंय. निकाल रात्री तयार, वाचला गेला सकाळच्या राउंडला.

गोंधळी
गोंधळ बराच कमी झाला, पण टोपणनाव बदलणार नाही. आता सरळ विचारतो. पुढच्या वेळी घरात कुणाला असा ताप आला तर रिपोर्ट लवकर आणि खात्रीचा यावा म्हणून मी काय करू शकतो?

फावल्या वेळचा डॉक्टर
प्रतिजैविकाची पहिली गोळी किंवा इंजेक्शन जायच्या आधी रक्त घेतलं जातंय ना, एवढं विचारा. माणूस अत्यवस्थ असेल तर त्यासाठी औषध अडवू नका, पण बहुतेकदा दोन्ही जमतं. घरी उरलेल्या प्रतिजैविकांचे दोन डोस देऊन मग येणाऱ्यांचं कल्चर बऱ्याचदा कोरडं जातं.

काचपट्टी
आणि रक्त पुरेसं द्या! "एवढं कशाला काढता" म्हणून भांडणारे नातेवाईक नेहमीचे आहेत. मोठ्या माणसात एका बाटलीला आठ ते दहा मिलि आणि दोन वेगवेगळ्या जागांहून दोन सेट तरी. तीन मिलि घातलं तर दहातले सात मिलि तुम्ही पाहिलेच नाहीत. दोन जागांचं कारण वेगळं: त्वचेवरचा निरुपद्रवी जंतू सुईबरोबर आत आला तर सहसा एकाच सेटमध्ये वाढतो. दोन्हीत तोच आला तर गांभीर्याने घ्यायचा.

तिरकसराव
म्हणजे ॲबे, फेम्टोलिटर, चुंबक, सोनं एवढं सगळं होऊन उत्तर काय, तर रक्त जास्त द्या?

अणुरेणू
हो. चुंबकसुद्धा तेच करत होता.

वाचनमात्र
माझा एक छोटा प्रश्न. लघवीचा नमुना सकाळचा पहिलाच का मागतात? आणि मधल्या धारेचा?

काचपट्टी
रात्रभर मूत्राशयात साठून राहिल्याने जंतूंना वाढायला वेळ मिळतो, मोजणी स्पष्ट येते. पहिली धार बाहेरच्या त्वचेवरचे जंतू घेऊन येते म्हणून ती सोडून द्यायची. आणि नमुना लॅबमध्ये लवकर पोहोचवा. बाहेर तासन् तास राहिला तर जंतू डबीतही वाढतात. उशीर होणारच असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. डबीवर वेळ लिहिलेली नसेल तर मी परत पाठवते, मग फोनवर कितीही बोला.